पोट उघडण्याआधीचे दिवस

मी बसमध्ये कंडक्टर होतो. वर्ध्याहून समुद्रपूरमार्गे गिरडला जाणारी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. लग्न झालं तेव्हा मी कितीही गर्दीतून सुळकन निघायचो. पण ऐंशी सालाच्या आसपास माझं अंग इतकं सुटलं, की दोन सीटांच्या मधल्या वाटेने मला आडवं होऊन चालावं लागे. तरीही पोट एकाच्या खांद्याला आणि पाठ दुसऱ्याच्या तोंडाला लागायची. शेवटी मी दाराशीच उभा राहू लागलो. पैसे हातोहात माझ्याकडे येत, तिकिटं हातोहात परत जात. लोक हसत, मग मीही हसे.

लठ्ठपणाची मला लाज वाटायची. भीती होती ती झोपेची. तिकीट फाडता फाडता डोळा लागायचा. जेवताना घास हातात राहायचा आणि मान खाली पडायची. रात्री काय होतं ते मला कळतच नसे, ते बायको सांगायची.

"घोरता घोरता तुमी एकदम गप होता," ती म्हणायची. "श्वासच नाई. मी वाट पाहतो, पाहतो, अन मंग खांदा धरून हालवतो. तवा कुठी बुडता मानूस वर आल्यासारका श्वास येते."

ती माझ्या छातीवर हात ठेवून झोपायची, म्हणजे झोपायची नाहीच. दिवसा चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगायची.

एका उन्हाळ्यात भर दुपारी, समुद्रपूर सोडल्यावर, मी दाराजवळच्या सीटवर बसलो आणि तसाच झोपेत गेलो. त्यानंतरचं मला आठवतं ते हे, की पाठीखाली माती आहे, अंगावर कडुनिंबाची सावली आहे आणि वर माणसं बोलत आहेत. डोळे उघडत नव्हते. बोटही हलत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"गेला वाट्टे."

"ओठ पाह्य ना, निळे पडले."

"घरी पोचवा लागन. पन उचलन कोन?"

"चौघाईच्यानं नाई होत बापा. खांद्याले आठ जन पाय्जे."

"अन तिरडीचे बांबू?" कोणीतरी म्हातारा म्हणाला. तो थट्टा करत नव्हता, खरंच काळजीने विचारत होता.

मला ओरडून सांगायचं होतं की मी आहे. आवाज फुटेना. तेवढ्यात एका बाईने तांब्यातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि श्वास आला. माणसं दचकून मागे सरली. मी उठलो, कपडे झटकले, पैशांची पिशवी पाहिली आणि गिरडपर्यंत तिकिटं फाडली.

घरी मी काही बोललो नाही. ड्रायव्हरने बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. माझे पाय सुजलेले होते, बोट दाबलं की खड्डा पडायचा. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आलाय, वजन उतरवलंच पाहिजे. ते मी आधीही करून पाहिलं होतं. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, एकवेळ जेवण. उतरायचं थोडं, आणि मग दामदुप्पट चढायचं. डॉक्टरांनी मला नागपूरला एका सर्जनकडे पाठवलं.

सर्जन तरुण होते, विलायतेहून शिकून आलेले. त्यांनी गळ्यातली तपासायची नळी काढून तिची घडी घातली आणि दाखवलं. आतडं लांबच लांब असतं. त्यातलं बरंचसं बाजूला सोडून द्यायचं आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं. खाल्लेलं अंगी लागायच्या आतच पुढे निघून जाईल.

"यात माणूस मरतो का?" मी विचारलं.

त्यांनी नळी परत गळ्यात टाकली. "मरू शकतो. तुमच्यासारख्याला भूल देणं हीच पहिली जोखीम. जखम पिकू शकते. पायात रक्ताची गुठळी होऊन ती छातीत जाऊ शकते. हे ऑपरेशन आपल्याकडे फार झालेलं नाही, हेही सांगून ठेवतो. पण तुम्ही आहात तसे राहिलात, तर तीही जोखीमच आहे. घाई करू नका. माझी एक पेशंट पुलगावला असते. ती हो म्हणाली तर तिला भेटून या."

ती हो म्हणाली. माझ्या एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं पॅसेंजर गाडीने पुलगावला गेलो. बाईचा नवरा कापडाच्या मिलमध्ये होता, मिलजवळच्या चाळीत खोली होती. दार एका हडकुळ्या बाईने उघडलं. मला वाटलं, घरातली कोणी आजारी नातेवाईक असेल. तीच ती होती. हनुवटीखाली आणि दंडाला कातडी लोंबत होती, केस विरळ झाले होते.

नवरा खूश होता. त्याने पेटीतून तिचं जुनं पोलकं काढलं आणि दोन्ही हात फाकवून आम्हाला दाखवलं. "एवढी होती! आता पाहा!" बाई चहा ठेवायला गेली. थोड्या वेळाने मिलचा भोंगा झाला आणि नवरा डबा घेऊन पाळीवर गेला. मग ती मागच्या दाराला टेकून बसली.

"मी इथीच बसत असतो," ती म्हणाली. "काऊन, ठाव हाय? इथून संडास जवळ पडते."

माझ्या बायकोने विचारलं, "रोज तरास होते का?"

"रोज म्हन्जे काय बाई, खाल्लं का पळा लागते. लग्नाले जात नाई मी. पोराच्या शाळेत बोलावलं होतं, गेली नाई. ऑपरेशनच्या आधी मले मरनाचं भेव होतं. ते एकच होतं. आता घराबाहेर पाय टाकाचं भेव हाय." मग तिने मला विचारलं, "तुमी काय काम करता भाऊ?"

"बसवर कंडक्टर आहो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग नजर फिरवून माझ्या बायकोकडे पाहिलं. समुद्रपूरच्या पुढे उजाड रस्ता, भरलेली गाडी आणि त्यात मी, हे सगळं मला त्या एका नजरेत दिसलं.

बायकोला मात्र दुसरंच विचारायचं होतं. "झोप लागते का तुमाले? आडवं होऊन?"

"लागते ना. आडवीच झोपतो."

"श्वास?"

"त्याचं काई नाई आता."

"मंग पोटाचं ते परत जोडून नाई देत का?"

"देतो म्हन्ते डॉक्टर. पन पुन्हा पोट उघडाचं, पुन्हा ते भूल. अन परत जाड झाली तं? रोज इचार करतो, रोज राहून जाते."

परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं. घरी आल्यावर म्हणालो, "नाई करत मी ऑपरेशन."

मला वाटलं, बायकोचा जीव भांड्यात पडेल. ती चिडली. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"तुमाले पोटाचं भेव लागून राह्यलं. अन मी? मी काय पाहून राह्यली रोज?"

"टेबलावरच मेलो तं?"

"तं एकदा मरान. मी रोज रातच्याले तुमाले जितं करतो. आता हात थकले माहे."

एवढं बोलून ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

त्यानंतरचे दिवस मी मनात नुसता तराजू हलवत काढले. सकाळी ऑपरेशनचं पारडं जड व्हायचं, संध्याकाळी हलकं. डेपोतल्या साहेबांना मी हळूच विचारलं, पुढेमागे मला बसवरून काढून बुकिंगच्या खिडकीवर घ्याल का? ते म्हणाले, "आधी जिवंत परत तर या, मग बघू." ते सहज बोलले होते. मी दिवसभर तेच घोळवत राहिलो.

एका गुरुवारी बायको म्हणाली, गिरडच्या दर्ग्याला जाऊन येऊ. माझ्याच रोजच्या रस्त्याने मी तिकीट काढून, प्रवासी म्हणून गेलो. दर्ग्याची टेकडी मला चढवेना. थोड्याच पायऱ्यांवर छाती भरून आली. तिने मला खाली एका दुकानाच्या सावलीत बसवलं आणि ती एकटी वर गेली. ती दिसेनाशी झाली. ती वर, मी खाली, आणि मला झोप लागली तर? दुकानात फुलं विकणारी एक बाई होती. मी तिला म्हणालो, "माई, माहा डोळा लागला तं मले हालवजो. जोरानं हालवजो." तिला वाटलं, हा प्यालेला आहे. ती आपली टोपली घेऊन दुसऱ्या बाजूला सरकली. मी स्वतःच्या मांडीला चिमटे घेत, डोळे फाडून त्या पायऱ्यांकडे बघत बसलो. बायको उतरताना दिसली तेव्हा मला लहान मुलासारखं रडू आलं. नागपूरला जायचं तिथेच कबूल केलं.

पण दवाखान्यात भरती झालो, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनीच नकार दिला. वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला उताणं झोपायला लावलं. मी झोपलो. काही क्षणांत डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीवर जात्याचा दगड ठेवल्यासारखं झालं. त्यांनी मला धरून बसवलं आणि सर्जनना म्हणाल्या, "मी याला एवढ्यात भूल देणार नाही."

मग मला वॉर्डातच ठेवलं. वरणाचं पाणी, ताक, उकडलेली भाजी, आणि सूज उतरायची औषधं. उशांची उतरंड लावून मी बसून झोपायचो. बायको खाटेशी जमिनीवर असायची. काही आठवड्यांत पायांची सूज उतरली, पायजम्याची नाडी जास्त आवळावी लागू लागली. मला जरा बरं वाटू लागलं, आणि तिथेच घात झाला. कारण आता परत निवड करायची पाळी आली.

सर्जन म्हणाले, "आता भूल देता येईल. पण तुम्हाला आता बरं वाटतंय, म्हणून पुन्हा विचारतो. घरी जातो म्हणालात तरी मी रागावणार नाही. वजन परत चढतं, ते तुम्ही आधी बघितलंच आहे."

आम्ही दोघं दवाखान्याच्या आवारात बाकावर बसलो. मी बायकोला म्हणालो, "तू सांग."

तिने मान हलवली. "नाई. मांगं रागात बोलून गेली मी. आता सांगत नाई. तुमाले काई झालं तं जन्मभर वाटन का माह्या बोलन्यानं झालं."

तिला इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. तोपर्यंत मला वाटायचं, भीती माझी एकट्याची आहे आणि धीर तिचा. मी म्हणालो, घरी जाऊ. ती लगेच उठली, पिशवी भरायला गेली. पिशवी भरून झाल्यावर ती वाटेसाठी नळावर पाणी भरायला गेली आणि मी उशांना टेकून बसलो.

जाग आली ती नर्स माझ्या गालावर चापट्या मारत होती तेव्हा. शेजारच्या खाटेवरचा पेशंट ओरडला होता म्हणून ती धावत आली होती. सूज उतरली होती, वजन उतरलं होतं, आणि तरी श्वास थांबला होता. दारात बायको भरलेला लोटा धरून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सर्जनना बोलवा," मी नर्सला म्हणालो.

सही करताना घामाने पेन बोटांतून सटकत होता. ऑपरेशनच्या सकाळी मला ढकलगाडीवर टेकून बसवूनच नेलं. दारापर्यंत बायकोने माझ्या पायाचा अंगठा धरला होता, माझे हात पांघरुणाखाली होते म्हणून. आत फार थंडी होती. डॉक्टरीणबाई माझ्या डोक्याशी आल्या, माझी हनुवटी तळहातात धरली आणि म्हणाल्या, "मी इथून हलणार नाही." मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. काय ते आठवत नाही.

मी वाचलो. जखम पिकली, पावसाळा दवाखान्यातच गेला. पण वर्षभरात अंग उतरलं, आणि मी आडवा होऊन झोपू लागलो. सुरुवातीला सवयीने बायकोचा हात छातीवर यायचा, मग तो येईनासा झाला. पोटाचा त्रास पुलगावच्या बाईने सांगितला होता तसाच झाला. साहेबांनी मला खिडकीवर घेतलं. तिथेही रांग सोडून मला पळावं लागे, लोक शिव्या देत. बसमध्ये मी पुन्हा तिकीट फाडलं नाही.

पुढे काही वर्षांनी त्या ऑपरेशनमुळेच मूत्रपिंडात खडे होऊ लागले आणि त्याच सर्जननी सांगितलं, आतडं आता परत जोडून घ्यायला हवं. तोवर मी थोडं खायला शिकलो होतो. जोडल्यावर वजन थोडं चढलं, पूर्वीइतकं नाही. एकदा यातून गेलोय, आता भीती कमी वाटेल, अशी माझी समजूत होती. नाही वाटली कमी. त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळीही ढकलगाडीच्या दांडीवर आवळलेली माझी बोटं वॉर्डबॉयला एकेक करून सोडवावी लागली.