अर्धा मिनिट उघडं शटर

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत समोरच्या विंगच्या गच्चीवर मी ट्रायपॉड लावला होता. कॅमेरा नवशिक्यांचा, स्वस्तातला डीएसएलआर. शिकवायला कोणी नाही, त्यामुळे चिडचिडही स्वतःवरच. त्या संध्याकाळी शटर अर्धा मिनिट उघडं ठेवून बघत होतो. इतका वेळ ठेवलं की स्थिर असेल तेवढंच फोटोत उमटतं, चालती माणसं पुसली जातात.

फोटो उघडला तर सोसायटी ओसाड. गेटपासून जिन्यापर्यंत ऑफिसातून परतणाऱ्यांची वर्दळ होती, पण फोटोत त्यातलं कोणीच नव्हतं. फक्त दुसऱ्या मजल्यावर ग्रिल धरून आई उभी होती. झूम केलं, तर साडीची किनारसुद्धा स्पष्ट. अर्धा मिनिट ती जराही हलली नव्हती.

बाबा कामावरून यायचे ती हीच वेळ. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी देवापाशी दिवा लावून झाला की ती तिथे उभी राहायची. "येतात ते," म्हणायची. मी वैतागायचो.

घरी येऊन तिला फोटो दाखवला. चष्मा लावून तिने गेटपासून जिन्यापर्यंत बोट फिरवलं.

"एवढी माणसं येत होती, ती कुठायत रे?"

"होती गं सगळी. चालणारी माणसं यात दिसत नाहीत, एवढंच."

तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"मी तरी दुसरं काय सांगते तुला?" म्हणाली, आणि कुकर लावायला आत गेली.