काळ्या पाण्यातला बगळा

ओसरत्या पाण्याच्या चिखलाचा वास आला की मला डिंभे धरणाची कड आठवते. नव्वदच्या दशकातली, थंडीतली सकाळ होती ती. माझ्या हातात होता वडिलांचा कॅमेरा आणि शेजारी धाकटा भाऊ. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, दोघांत ज्याचा फोटो चांगला येईल, कॅमेरा त्याचा. रोल एकच, अर्धा माझा, अर्धा त्याचा. डोंगराच्या सावलीनं पाणी काळंशार झालं होतं आणि अलीकडं कोवळ्या उन्हात एक बगळा उभा होता. मी कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा नेमका मधोमध आणून फोटो काढले. भाऊ म्हणाला, "ताई, काटा फसतोय. त्याला नुसतं काळं पाणी दिसतंय. उजेड कमी घ्यायला पायजे, नायतर बगळा पांढराफट पडंल." "लई शहाणा झालास," म्हणत मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. घोडेगावच्या स्टुडिओतून फोटो आले, तेव्हा माझ्या बगळ्याच्या जागी पांढरा डाग होता आणि त्याच्या बगळ्याचं पीस न् पीस दिसत होतं. वडील म्हणाले, "ह्याला म्हणत्यात फोटो!" माझे त्यांनी धड बघितलेही नाहीत. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. संध्याकाळी भावानं कॅमेरा माझ्यापुढं धरला. "ताई, दोघांचा ऱ्हाऊ दे की." "नको मला," म्हणून मी भाकरी थापत राहिले. तो बगळ्याचा फोटो मोठा करून माझ्या घरी लावून देतो, असं भाऊ अजून म्हणतो. मी सांगते, भिंतीवर जागा नाही. बैठकीतली समोरची भिंत अख्खी रिकामी आहे, आणि तो येतो तेव्हा तिच्यासमोरच बसतो.