केलरमधली अंबाडी

सासूबाई पहिल्यांदा जर्मनीत आमच्याकडे एर्लांगेनला आल्या, तेव्हा त्यांच्या हातातल्या पर्समध्ये पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या आणि रुमालाच्या गाठीत बांधलेलं अंबाडीचं बी एवढंच होतं. बाकी सगळं सुटकेसमध्ये. बीसुद्धा सुटकेसमध्ये का नाही टाकलं, असं नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, सुटकेस हरवते, मी हरवत नाही.

त्या लातूरकडच्या. त्यांच्या मते आमच्या संसारात सगळं होतं, फक्त आंबट पालेभाजी नव्हती, आणि त्यामुळे त्यांचा मुलगा वाळला होता. मुलगा वाळलेला अजिबात नव्हता. तो वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता, दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये भरपूर बटाटे खायचा आणि त्याच्या शर्टाची बटणं तक्रार करायला लागली होती. पण आईला कोण सांगणार?

आमच्या इमारतीच्या मागे सायकली लावायच्या जागेजवळ मातीचा एक पट्टा होता. भाडेकरूंनी तिथे काही लावलं तर कुणाची हरकत नसे. तळमजल्यावरचे आजोबा तिथे टोमॅटो लावायचे. ते निवृत्त शिक्षक होते. पांढरे केस मागे रबरबँडनं बांधलेले, पायात बारा महिने सँडल. सासूबाई त्यांना पहिल्या दिवसापासून ‘खालचे मास्तर’ म्हणायला लागल्या. मास्तरांनी आपल्या टोमॅटोशेजारची जागा हातानं दाखवली, सासूबाईंनी बी पेरलं, आणि दोघांनी एकमेकांना आपापल्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं.

उन्हाळा त्या वर्षी कडक होता. आम्ही घरात ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचो आणि बाहेर अंबाडी मात्र लातूरला असल्यासारखी वाढत होती. आधी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी, मग सासूबाई तिच्यामागे उभ्या राहिल्या की फक्त अंबाडा दिसायचा.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. अंबाडीचं पान हाताच्या पंजासारखं असतं, लांब लांब बोटांचं, कडेला बारीक कातरलेलं. गांजाचं पानही अगदी तसंच असतं. दोन्ही शेजारी ठेवली तर भल्याभल्यांची फसगत होते. मला आणि नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. आम्ही अंबाडी ताटात पाहिली होती, आणि गांजा कुठेच पाहिला नव्हता.

त्यामुळे शेजाऱ्यांच्या वागण्याचा आम्ही फार चांगला अर्थ लावला. आम्ही एकदा शनिवार-रविवार बाहेरगावी गेलो, तर मास्तरांनी न सांगता पाणी घातलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी रस्त्याच्या बाजूनं वेताची उंच चटई उभी केली. सासूबाई म्हणाल्या, वाऱ्यानं रोपं लवू नयेत म्हणून केलं असेल, माणूस जाणता आहे. तिसऱ्या मजल्यावर चर्चच्या गायकवृंदात गाणाऱ्या एक आजी राहायच्या. आधी जिन्यात भेटल्या तर आमच्या फोडण्यांमुळे नाकाला रुमाल लावायच्या. त्या आता थांबून हसायला लागल्या. एकदा तर अलुबुखारचा केक घेऊन आल्या. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, आईंनी दोन महिन्यांत जे केलं ते आपल्याला तीन वर्षांत जमलं नाही.

सप्टेंबर लागला आणि पाऊस सुरू झाला. सासूबाईंचा व्हिसा संपत आला होता. रोज भाजी करूनही पाला संपेना, तेव्हा उरलेला वाळवून ठेवायचा असं त्यांनी ठरवलं, म्हणजे हिवाळाभर पुरेल. सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, उन्हात रंग जातो. ऊन तसंही नव्हतंच.

सावली म्हटलं की आमच्याकडे केलर. तळघरात कपडे वाळवायची एक सामायिक खोली होती, दोऱ्या बांधलेली, आणि कुठल्या वारी कुणी कपडे वाळत घालायचे ते ठरलेलं. आम्ही अंबाडीच्या फांद्यांच्या जुड्या करून शेवटच्या दोरीला उलट्या टांगल्या. पण त्याच खोलीत कुणाच्या तरी ओल्या चादरी निथळत होत्या. हवा अशी कुंद, की चष्म्यावर वाफ धरायची. दोनचार दिवसांत पानं काळी पडली आणि देठांवर पांढरी लव आली. सासूबाईंनी जुड्या काढून कचऱ्यात टाकल्या आणि त्या दिवशी फक्त ताक घेतलं.

नवऱ्याला ते सहन झालं नाही. त्याचं ऑफिसातलं काम म्हणजे यंत्रांच्या आतलं तापमान एका ठरावीक आकड्यावर ठेवणं. तो म्हणाला, हा साधा कंट्रोलचा प्रश्न आहे. त्यानं केलरमध्ये टेबलफॅन आणि छोटा हीटर नेला, दाराखालची फट जुन्या टॉवेलनं बुजवली आणि खोली पस्तीस अंशांवर नेऊन ठेवली.

मी विरोध केला. माझी पीएचडी सिरॅमिकच्या ओल्या लाद्या वाळवण्यावर चालली होती, त्यामुळे वाळण्याच्या बाबतीत घरात माझं मत चालावं अशी माझी अपेक्षा होती. मी सांगितलं, घाईनं वाळवलं की वरून कडक होतं आणि आत ओल राहते. हवेतला ओलावा हळूहळू उतरवायला हवा. तो म्हणाला, पान म्हणजे लादी नव्हे. मी म्हटलं, पान म्हणजे एक्स-रे मशीनही नव्हे. त्यावर जेवताना इतका वाद झाला की त्या रात्री आम्ही एकमेकांना मीठसुद्धा सासूबाईंमार्फत दिलं. सकाळी त्या खाली गेल्या, हीटर बंद केला, पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि वर येऊन म्हणाल्या, “तुम्ही दोघं शिकलात ते बरंच झालं. पण पानाला भाजायचं नाही, वाळवायचंय.”

त्याच दिवशी मी नवी जुडी टांगत असताना मास्तर खाली आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग दाराबाहेर दोन्हीकडे पाहिलं, आणि दार हळूच लावून घेतलं. माझं काम विद्यापीठात इंग्रजीत चालायचं, त्यामुळे माझं जर्मन बेकरीपुरतं होतं. म्हणून ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. खोली अजून फार गरम आहे. वीस अंशांच्या वर जायचं नाही. आर्द्रता पन्नास ते साठच्या मधे. अंधार हवा. वारा हवा, पण थेट पानावर नको. घाई केली तर वाळलेल्या गवताचा वास येतो. आणि वाळल्यावर काचेच्या बरणीत भरायचं, रोज थोडा वेळ झाकण उघडायचं.

मी थक्क झाले. ही सगळी माझीच मतं होती, आणि एका पालेभाजीसाठी हा जर्मन माणूस ती इतक्या जिव्हाळ्यानं सांगत होता. ते जाऊन आपल्या घरातून आर्द्रता मोजायचं गोल घड्याळासारखं यंत्र घेऊन आले आणि खिळ्याला अडकवलं. मग त्यांनी विचारलं, फुलं यायची वाट का नाही बघत? मी वर जाऊन सासूबाईंना विचारून आले. फुलं आली की पाला निबर होतो, असं त्यांचं उत्तर होतं. मास्तरांनी ते ऐकलं आणि बराच वेळ विचार केला. भारतातली पद्धत वेगळी असेल, असं काहीसं पुटपुटले.

जाताना मात्र त्यांनी एक शब्द उच्चारला. “आइगेनबेडार्फ?” असं त्यांनी मान तिरकी करून विचारलं.

हा शब्द मला चांगला माहीत होता. घरमालकाला स्वतःच्या वापरासाठी घर हवं असेल तर तो भाडेकरूला जी नोटीस देतो, तिच्यात हा शब्द असतो. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला तशी नोटीस आली होती आणि बिचारे महिनोन्‌महिने घर शोधत हिंडत होते. मी घाबरून हातातली जुडी खाली ठेवली. मास्तरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि आपण काही पाहिलं नाही असं सांगून गेले.

स्वतःपुरतं, विकायला नाही, असाही त्या शब्दाचा अर्थ होतो आणि ते तेच विचारत होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर आम्ही दोघांनी झोप घालवली होती. मालकाला घर हवंय, मास्तरांना आतून कळलंय, म्हणूनच केक आणि म्हणूनच सगळ्यांची सहानुभूती, असा आमचा हिशेब जुळला. नवरा दुसऱ्या घरांच्या जाहिराती वाचायला लागला. सासूबाईंना काही सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं, कारण रोज रात्री त्याच्या डोक्याला तेल लावायला लागल्या.

अशा अवस्थेतही पाला मात्र सुरेख वाळत होता. पान चुरगळलं की कुरकुर आवाज यायचा आणि रंग हिरवाच होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मला जिन्यात गाठून विचारायच्या, सांध्यांना चांगलं असतं ना हे? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “छे गं, आंबट ते. गुडघे धरतील त्यांचे. खायचंच असेल तर लसणाची फोडणी सढळ हातानं घाल म्हणावं.” मी ते जमेल तसं जर्मनमध्ये सांगितलं. आजींनी अत्यंत गंभीरपणे ऐकलं, किती लसूण ते विचारून घेतलं आणि मी दिलेली वाळल्या पाल्याची पुडी घेऊन गेल्या.

जायच्या आधीच्या आठवड्यात सासूबाईंनी एक बरणी भरून, तिच्या झाकणाला लाल दोरा बांधून, मास्तरांना नेऊन दिली. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. रविवार होता, त्यामुळे आम्ही तिघंही घरात. दारात मास्तर बरणी घेऊन उभे. डोळे लाल, आवाज बसलेला, मधूनमधून खोकत होते. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं की हा नक्की कुठला वाण आहे. आपण काल संध्याकाळी एकदा आणि मग पुन्हा एकदा ‘फायफं’मध्ये घालून पाहिलं, पण काहीच झालं नाही, नुसता घसा जळला. फायफं म्हणजे शिट्टी, एवढंच मला येत होतं. म्हातारा माणूस आमची भाजी शिट्टीत का घालतोय, ते मला कळेना. मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एकदोन प्रश्न विचारले, आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग तो मराठीत म्हणाला, “आई, यांनी अंबाडी चिलमीत भरून ओढली. त्यांना वाटलं गांजा आहे.”

 चटई, केक, लावलेलं दार, आइगेनबेडार्फ, आजींचे गुडघे, मला सगळं एकदम समजलं. संपूर्ण उन्हाळाभर अख्खी इमारत आम्हाला काय समजत होती आणि तरी किती प्रेमानं वागत होती, या विचारानं मला हसावं की रडावं कळेना. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या संतापतील असं वाटलं होतं. त्या शांत होत्या.

“गांजा ओढतात ते मला माहितीय,” त्या मुलाला म्हणाल्या. “जिन्यात पहिल्या दिवसापासून वास येतोय. तुझ्या आजोबांकडे भजनी मंडळ बसायचं, तेव्हा असाच वास यायचा. मला वाटलं, मास्तर भजन करतात.”

नवऱ्यानं हे भाषांतर करायला नकार दिला. मास्तर ‘बिटं, बिटं’, म्हणजे सांगा ना, करत मागे लागले, तेव्हा मीच मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, की आईंना तुम्ही धार्मिक गृहस्थ वाटलात. मास्तर दाराच्या चौकटीला टेकले आणि खोकत खोकत इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

सासूबाईंनी त्यांच्या हातातून बरणी काढून घेतली आणि त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. वाळलेला पाला गरम पाण्यात भिजवला, पहिलं पाणी पिळून टाकलं, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवला, वरून तेलात लसूण लाल करून ओतला. मास्तरांच्या ताटात भाकरी आली. पहिल्या घासाला त्यांचे डोळे मिटले गेले, अंबाडी आंबट असतेच. मग त्यांनी दुसरा घास घेतला, मग वाटी पुढे केली. सासूबाई मला म्हणाल्या, “सांग त्यांना, या वयात छातीला धूर बरा नाही.” मी सांगितलं. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं मास्तर म्हणाले आणि लसूण चाटत राहिले.

सासूबाई परत जायच्या दिवशी मास्तरांनीच त्यांची सुटकेस खाली आणली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आल्या आणि त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात धरले. त्या बिचारीला कुणी काही सांगितलं नव्हतं. मास्तरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. आजी रोज रात्री चमचाभर अंबाडी लसणात परतून खात होत्या आणि त्यांचे गुडघे, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, कितीतरी वर्षांत इतके हलके झाले नव्हते. त्या जिना धडाधड चढून वर गेल्या, आणि टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीतून रुमाल हलवत राहिल्या.