थरथरत्या हाताची रेघ

लकव्याचा हलका झटका येऊन गेला आणि माझा उजवा हात थरथरू लागला. तीस वर्षे मी आदिलाबादेत दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मराठीतल्या आणि तेलुगूतल्याही. जीव वाचला म्हणून घरचे देवाचे आभार मानत. मी मात्र देव्हाऱ्यासमोर बसणेच सोडले. ज्याने अक्षर दिले त्यानेच ते काढून घेतले, मग त्याच्याकडे मागायचे काय?

त्या हिवाळ्यात मी बायकोबरोबर तिच्या भाजीच्या दुकानावर बसू लागलो. समोरच्या दर्ग्याच्या कमानीवर अरबी ओळ नव्याने लिहायची होती, त्यासाठी बाहेरगावचे एक वृद्ध खुशनवीस, म्हणजे सुलेखनकार, आले होते. सावलीत बसून ते कागदावर बोरूने नमुना काढत. एकदा न राहवून मी जवळ गेलो. बोरूच्या टोकाने त्यांनी चौकोनी ठिपके, त्यांच्या भाषेत नुक्ते, एकाखाली एक मांडले, मग नेमकी तेवढ्या उंचीची उभी रेघ ओढली. प्रत्येक अक्षराची उंची, पोट, वळण असेच ठिपक्यांनी मोजलेले. मला त्यातले काही वाचता येत नव्हते, पण वळण कुठे थांबायला हवे ते माझ्या डोळ्यांना कळत होते, आणि ते तिथेच थांबत होते. कितीतरी दिवसांनी मन निवले.

तेवढ्यात चहा आला. त्यांनी कप उचलला तर हात असा थरथरला की चहा बशीत सांडला.

"लिखते वखत नहीं काँपता?" मी विचारले.

"काँपता था. मैं उसकू डाँटता, तो और काँपता. अब ऊपरवाले का नाम लेतूं, साँस छोड़तूं, हात उसीच के हवाले."

त्यांनी बोरू माझ्या हातात दिला. मी मनात मारुतीरायाचे नाव घेतले, श्वास सोडला आणि रेघ ओढली. ती जराशी झुकली, पण तुटली नाही. त्यांनी शेजारी ठिपके मांडून ती मोजली.

"आधा नुक्ता कम है. कल पूरा होगा."

त्यांचे काम संपेपर्यंत मी रोज त्यांच्याजवळ बसलो. हात बरा झाला नाही. त्याच्याशी आणि देवाशी चाललेले भांडण मात्र मिटले.

यंदा बाजारहत्नूरकडच्या एका मारुतीच्या देवळाची पाटी मी रंगवली. शेवटी फडके घेऊन पुसायला गेलो.

"पुसून काऊन राह्यले?" बायकोने विचारले.

"एक काना वाकडा आला."

"राहू द्या. देवाले वाचता येते."

मी फडके खाली ठेवले. त्या वृद्धाच्या रूपात मला कोण भेटले ते ठाऊक नाही, पण मन कृतज्ञतेने भरून आले होते. मी हात जोडले. ते थरथरत होते, तसेच जोडले.