बांधाचे बारा हात

भाईंदर स्टेशनाजवळच्या एका खोलीवर पाटी होती: दिवाणी, फौजदारी, वारसा, जमिनीचे दावे. ठाण्याची वकिलांची पेढी, दर रविवारी इथं येऊन बसायची. ती पाटी पाहिली की मला चीड यायची. तेव्हा मला कशाचीही चीड यायची. चळवळीची पत्रकं लिहून लिहून साधं वाक्य लिहिणंच विसरलो होतो. ओळ संपली की उद्गारचिन्ह.

पण खाडीकाठच्या खारीतल्या एका विधवेचं शेत जात होतं, आणि नुसत्या पत्रकानं शेत वाचत नाही एवढं मलाही कळत होतं. शेजारच्या मिठागराच्या मालकानं तिच्या भाताच्या खाचरावर ताबा सांगितला होता. खाडीचं पाणी आत घेऊन त्याला तिथं मीठ पिकवायचं होतं. तिच्याजवळ कागदाचा चिटोराही नव्हता. मी तिला घेऊन पेढीत गेलो.

थोरले वकील पहिल्यांदा कागद मागतील, असं धरून चाललो होतो. त्यांनी विचारलं, "बाई, बांधाचा तुमचा वाटा कुठून कुठवर?"

"पान्याच्या दारापासनं बारा हात. घरवाला गेला तवापासनं मीच भरते हाय."

"लिहा," ते कारकुनाला म्हणाले. "हाच कागद."

मला अर्थ लागायला वेळ लागला. खाडीचं पाणी अडवणारा बांध उधाणानं खचला की खारीचं सगळं गाव चिखल घेऊन येतं, पण ज्याचं शेत मागे, त्यानंच समोरचा तुकडा भरायचा. दुसऱ्यानं एक टोपली जरी टाकली तरी डोकी फुटतात, कारण ज्याचा वाटा त्याचं शेत. त्या पेढीतले मधले वकील फौजदारीत आवाज चढवायचे, धाकटे इंग्रजी अर्ज झोकात लिहायचे. पण पेढीची खरी ताकद ही होती. गावचा चिखल मामलेदारापुढे कसा उभा करायचा, ते थोरल्यांना ठाऊक होतं. पाटीवर ते लिहिलेलं नव्हतं.

"आणि तुम्ही," ते मला म्हणाले, "निकालापर्यंत काही छापू नका."

"तोंड बंद ठेवू म्हणता?"

"तोंड खुशाल चालवा. छापखाना बंद ठेवा."

मी छापलं. 'खारीचा बांध साऱ्या गावाचा! इथं कुणाचा वाटा नाही, इथं एकजूट आहे!' पार डोंगरी गावापर्यंत जाऊन वाटलं. बाईलाही एक दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं घडी करून कमरेला खोचलं.

मामलेदार कचेरीत समोरच्या वकिलानं तेच पत्रक टेबलावर ठेवलं. "साहेब, बाईंचीच माणसं लिहितात, बांधाला वाटे नाहीत. मग बारा हात कसले?"

थोरल्यांनी मला व्हरांड्यात घेतलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "लिहिलंत ते खरं की खोटं, एवढंच सांगायचं. भाषण नको."

मी साक्षीला उभा राहिलो. म्हणालो, "खोटं आहे."

"मग लिहिलंत कशाला?" समोरच्या वकिलानं विचारलं.

"जोर यावा म्हणून."

कचेरीत हशा पिकला. "म्हणजे तुम्ही खोटं छापता?"

"हे छापलं."

त्यानंतर गावातल्या चार म्हाताऱ्यांनी वेगवेगळं उभं राहून तिचे बारा हात जिथल्या तिथं दाखवले. ताबा तिचाच ठरला.

माझं बरंच गेलं. मिठागरवाल्याची माणसं रस्त्यात गाठून विचारायची, "काय हो, आज काय खोटं?" आमच्या मंडळींनी मला लिहायचं काम देणं बंद केलं. चळवळीसाठी गप्प बसायला हवं होतं, म्हणाले. बाईचं शेत गेलं असतं, ते? विचारून विचारून मीच थकलो. चीड अजून येते, पण आता उठून बसायलाही तिला वेळ लागतो.

पुढच्या उधाणानंतर बांध भरायच्या दिवशी खारीत गेलो. काहीतरी करावं म्हणून चिखलाची टोपली उचलली आणि तिच्या तुकड्याकडे निघालो. ती लांबूनच ओरडली, "ए बाबा, तिथं टाकू नको! उद्या तुजा वाटा निघंल. आधीच लय लिवलंस!"

मी टोपली खाली ठेवली. तिनं पाण्याच्या दारापासून कोपरानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बारा झाल्यावर तिनं माझी टोपली स्वतः उचलली, आणि स्वतःच्या हातानं रिकामी केली.