साथीतले लाल डोळे

जुने सोबती जमले की मला डोळ्यांच्या दवाखान्यातलं काही सांग म्हणतात. चिखलीत मी तिथं नर्स होते, डॉक्टर एकटेच. फ्लूच्या साथीच्या त्या हिवाळ्यात तर इतकं साचलं, की आधी काय सांगू असं होतं.

डोळ्याच्या आत सूज येणारे रोगी आमच्याकडे बरेच. डोळा लालभडक, उजेड सोसत नाही. ही सूज एकाची दुसऱ्याला लागत नाही, पण साथीत लोकांना कोण समजावणार?

डोळा दाखवून निघालेल्या पिंपळगाव राजाच्या एका गुरुजींना कंडक्टरनं स्टँडवरच एसटीतून उतरवलं. "साथ घेऊन गाडीत काऊन बसता, गुरुजी?" ते परत दवाखान्यात आले, तर डॉक्टर त्यांना घेऊन थेट स्टँडवर. गाडी उभीच होती, तिच्यात त्यांना खेटून बसले आणि म्हणाले, लागायचं तर आधी मला लागेल. कंडक्टरनं तिकिटांची पेटी उघडली.

"साथ नसन तं बसा. पण तिकिटं दोन लागतीन."

डॉक्टर पुढच्या थांब्यावर उतरून पायी परत आले.

* * *

केसरबाईंना आम्ही बाहुली मोठी करणारे थेंब दिले होते. नवऱ्याला फ्लू झाला, नाक वाहायला लागलं, तर बाईंनी तेच थेंब त्याच्या नाकात घातले. दोघं दवाखान्यात आले. ते थेंब अंगात भिनले तर काळीज धडधडतं, म्हणून डॉक्टर घाबरून त्याची नाडी बघायला लागले.

नवरा म्हणाला, "नाक तं सुकलं, साहेब. पण तोंडबी सुकलं. भाकर गिळवून नाही राह्यली."

त्या दिवसापासून मी प्रत्येक बाटलीवर डोळ्याचं चित्र काढून द्यायला लागले.

* * *

धामणगाव बढ्याची यमुना विशीतली. दोन्ही डोळ्यांना सूज, आमच्या गोळ्यांमुळे नजर टिकून होती. तिला फ्लू झाला. गोळ्यांनीच ताप आला असं समजून सासूनं त्या बंद केल्या.

नवरा सांगायला आला, तेव्हा डॉक्टर पेचात पडले. त्या गोळ्यांनी तापाशी झुंजायची ताकद कमी होते. एकदम थांबवल्या, तर डोळेही जातात आणि जिवालाही धोका. विचारायला जवळपास कोणी नव्हतं. मग त्यांनी बॅग उचलली आणि मला म्हणाले, "इंगळेबाई, चला."

सासू दारातच उभी होती. "तुमच्याच गोळ्यानं पोरगी जाऊन राह्यली."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. गोळी मी स्वतः देतो आणि ताप उतरेपर्यंत इथंच बसतो, एवढंच म्हणाले. आणि खरंच मुक्काम केला. ते छाती तपासायचे, गोळी द्यायचे; मी थेंब घालायची. सासू आधी आम्हाला पाहिलं की पाठ फिरवायची, मग न विचारता चहा ठेवून जायला लागली.

ताप उतरला त्या सकाळी डॉक्टरांनी यमुनाला एक डोळा झाकायला सांगितला आणि समोर बोटं धरली. किती?

ती बराच वेळ बघत राहिली.

"बोटं राहू द्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "तुमची दाढी लई वाढली."

डॉक्टरांनी त्याच हातानं दाढी चाचपली. मग हळूच म्हणाले, "आता दुसरा झाक."