न आलेल्या पेशंटच्या डॉक्टर

ओपीडी संपली की वानखडे मॅडम रिकाम्या व्हरांड्यात उभ्या राहून त्या दिवशी न आलेल्या पेशंटची नावं खणखणीत आवाजात पुकारायच्या. ओ द्यायला कुणी नसायचं. सफाईवाले हसायचे. मग माझ्याकडे वळून अमरावतीच्या बोलीत विचारायच्या, "काऊन बाप्पा, हे कुठी गेले?"

चंडीगडच्या एका इस्पितळात मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. वडील फौजेत, त्यामुळे मी इकडेच वाढलो. पंजाबी मला घरच्यासारखी यायची, मॅडमना मुळीच नाही. आमच्या विभागप्रमुखांनी फिटांवरच्या एका नव्या गोळीवर निबंध छापला होता: बहुतेक पेशंट बरे. मॅडमनी तोच प्रयोग पुन्हा करायला घेतला. खरं आहे का, एवढंच पाहायचं होतं. तेव्हा कळलं, परत न आलेला पेशंट सरांनी बरा धरला होता.

"मॅडम जी, जो ठीक हो गया, वो धक्के खाने क्यों आएगा?" सर हसले.

"अन् बसच बंद असन तं?" बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या.

ते दिवस तसेच होते. पंजाबात अतिरेकी बसमधून माणसं उतरवून ठार मारत. अंधार पडायच्या आत जो तो घरात. अशात त्या मला घेऊन आपल्या न आलेल्या पेशंटच्या गावांना निघाल्या. पहिल्याच गावात एका सुनेने ओढणीखालचा हात काढून दाखवला. फिट आली तेव्हा ती तंदूरवर पडली होती. कोपरापर्यंत कातडी आवळून गेली होती.

"बसां बंद सन, डॉक्टरनी जी. आउंदे किवें?" सासू म्हणाली. तेव्हा बसच बंद होत्या, येणार कशा, असं मी मॅडमना मराठीत सांगितलं.

सरांच्या हिशेबाने ही बाई बरी झालेली ठरत होती.

परतताना मोटरसायकलवरचे दोघे आडवे आले. चेहरे बांधलेले. एकाच्या शालीखाली काहीतरी लांब.

"कौण हो तुसीं?"

"डॉक्टर. मिरगी के मरीज देखने आए हैं," मॅडम म्हणाल्या.

ते बराच वेळ बघत राहिले आणि निघून गेले. बसमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "मॅडम, मी उद्यापासून येणार नाही."

"भेव मलेही वाटते. पण तुह्याशिवाय त्या बायांशी बोलू कशी?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

भेटले तेवढ्याच पेशंटवर त्यांनी निबंध लिहिला. "गुण येत नाही, हेबी कळलंच नं. ते कोनी सांगाचं?" असं म्हणत एकामागून एक नियतकालिकांना पाठवला. सगळीकडून एकच उत्तर यायचं: पेशंट फार थोडे, आणि नवं काही नाही. सरांचा निबंध तसाच राहिला. ती गोळी पुढे मीही लिहून देत राहिलो.

मॅडम नोकरी सोडून अमरावतीला निघाल्या तेव्हा स्टेशनवर म्हणाल्या, "तुले दोष नाही देत. तुह्या आईले तू एकटाच हायेस. पण दिवस बदलले तं उरलेल्या गावांत जाऊन येजो."

दिवस बदलले. पंजाबात बस रात्रीच्याही धावू लागल्या. मॅडम तिकडे अमरावतीतच वारल्या. मी त्या गावांना गेलो नाही. उरलेल्या दारांमागे काय काय दिसेल, याची भीती मला मोटरसायकलवरच्या त्या दोघांपेक्षा मोठी वाटत आली आहे.